शाळेत भावनाही शिकवतात? सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणजे नेमकं काय?

समजा, पाचवीतल्या एका मुलाला गटकामात कुणी सोबत घेतलं नाही. त्याने रागाने शेजाऱ्याची कंपासपेटी भिरकावली. त्याला शिक्षा झाली आणि विषय संपला. पण पुढच्या वेळी राग आला तर काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलं? भागाकार चुकला तर आपण पुन्हा शिकवतो. वागणं चुकलं की मात्र थेट वर्गाबाहेर!

ही उणीव भरून काढण्यासाठी शाळांमध्ये सामाजिक-भावनिक शिक्षण येत आहे.

यात काय शिकवतात?

अमेरिकेतल्या 'कॅसल' या संस्थेने यातली पाच कौशल्यं सांगितली आहेत: स्वतःच्या भावना ओळखणं, त्या सांभाळणं, दुसऱ्याचं मन समजून घेणं, नाती जपणं आणि जबाबदारीने निर्णय घेणं.

आपल्याकडे काय सुरू आहे?

दिल्लीच्या सरकारी शाळांमध्ये जुलै २०१८ मध्ये 'हॅपिनेस करिक्युलम' सुरू झाला. नर्सरी ते आठवीच्या मुलांसाठी ध्यान, गोष्टी आणि कृती यांचा खास तास होता, त्याची परीक्षा नव्हती. महाराष्ट्रातही २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आणला गेला.

याचा उपयोग होतो का?

होतो, पण कसं शिकवतात यावर ते अवलंबून आहे. २०११ मध्ये २१३ उपक्रमांचा आणि २ लाख ७० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुलांचं वागणं सुधारलेलं दिसलंच, शिवाय अभ्यासातही ती सरासरी ११ पर्सेंटाइलने पुढे होती.

याउलट, ब्रिटनमधल्या ८५ शाळांत ८ हजारांहून अधिक मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. शिक्षकांनी घेतलेले माइंडफुलनेसचे तास शाळेतल्या नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा सरस ठरले नाहीत. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता.

म्हणजे नुसतं 'डोळे मिटा, श्वास घ्या' पुरत नाही. टप्प्याटप्प्याने, कृतीतून आणि नेमकं कौशल्य समोर ठेवून शिकवलं तर फरक पडतो, हे २०११ च्या अभ्यासातही दिसलं होतं.

मग वर्गात काय करता येईल?

• भावनेला नेमका शब्द द्या. प्रत्येक वेळी 'राग'च नसतो. मूल रुसलेलं असेल, हिरमुसलेलं असेल, खजील झालेलं असेल किंवा त्याला हेवा वाटत असेल. शब्द सापडला की बोलणं सोपं जातं.

• भांडणानंतर तीन प्रश्न विचारा. काय झालं? तेव्हा तुला काय वाटलं? आता हे नीट कसं करशील? याचा अर्थ चूक माफ असा नाही, ती दुरुस्त करायची जबाबदारी मुलावरच राहते.

• मोठ्यांनीही तसंच वागायला हवं. शनिवारी 'आनंददायी' तास आणि सोमवारी सगळ्यांसमोर पाणउतारा, असं झालं तर मुलं सोमवारचाच धडा लक्षात ठेवतात. आणि साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकांना यासाठी प्रशिक्षण आणि वेळ द्यावाच लागेल.

हा उपचार आहे का?

नाही. मूल अनेक दिवस गप्प असेल, खाणं-झोप बिघडली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर वर्गातल्या तासावर विसंबू नका. समुपदेशकाची किंवा डॉक्टरांची मदत लगेच घ्या. सरकारच्या 'टेलि-मानस' या मोफत हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, चोवीस तास बोलता येतं.

पुढच्या पालकसभेत गुणांबद्दल विचाराल, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा: माझं मूल मधल्या सुट्टीत कुणासोबत डबा खातं?