पोस्टरवर पत्ता हवा

ऑक्टोबर लागला की शाळा-महाविद्यालयांच्या फलकांवर स्तनाच्या कर्करोगाची पोस्टरं झळकू लागतात. कार्डशीटच्या मधोमध मोठी गुलाबी रिबीन, दोन्ही बाजूंना फुलं नाहीतर फुलपाखरं आणि वर जाड स्केचपेननं ‘जागरूक राहा, कर्करोग टाळा’. मुलांनी हे मनापासून केलेलं असतं, त्याबद्दल शंका नाही. पण फलकासमोरून जाणारी पंचेचाळिशीची शाळेतली ताई किंवा मुलाला न्यायला आलेली आई ते वाचून घरी काय घेऊन जाते? या नावाचा आजार असतो, एवढंच. ते तर तिला आधीच ठाऊक होतं. शिवाय ते घोषवाक्यही चुकीचं आहे. जागरूक राहून हा रोग टळत नाही, तो लवकर सापडतो. विज्ञानाच्या प्रकल्पात हा फरक दिसायलाच हवा.

लवकर सापडण्याला किती महत्त्व आहे, ते आकडेच सांगतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार जणी त्यानं दगावल्या. आपल्याकडच्या कर्करोग नोंदण्यांवरून दिसतं, की रोग स्तनापुरताच असताना निदान झालं, तर पाच वर्षांनंतर शंभरातल्या साधारण ८१ जणी हयात असतात. तो दूरच्या अवयवांत पोचल्यावर निदान झालं, तर हे प्रमाण १८ च्या आसपास घसरतं. आणि आपल्याकडे गाठ अंगावर काढण्याची सवय जुनी आहे. ती दुखत नाही, घरात कामं पडलेली असतात, सांगायला लाज वाटते. या रोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हे मात्र कोणी सांगितलेलं नसतं.

मग पोस्टरवर काय असावं? याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उत्तर एका डिझाइनच्या विद्यार्थिनीनं दिलं आहे. कोरीन एल्सवर्थ बोमाँट या अमेरिकी डिझायनरच्या दोन्ही आज्या स्तनाच्या कर्करोगानं गेल्या. रोगाची लक्षणं सोप्या चित्रांत दाखवणारी माहिती शोधायला गेल्यावर तिला तशी ती सापडेना. उघड्या शरीराची छायाचित्रं लावायला लोक तयार नसतात आणि लांबलचक मजकूर कोणी वाचत नाही. तिनं अंड्यांच्या खोक्यात बारा लिंबं मांडली. प्रत्येक लिंबावर एक लक्षण: एकावर खळगा, एकावर फुगवटा, एकावर व्रण, एकावर फुगलेली शीर, एकाचं टोक आत ओढलेलं, एकातून द्रव पाझरतोय, एकाची साल संत्र्यासारखी खड्ड्याखड्ड्यांची. शब्द न वाचता चित्र कळतं आणि कोणाला संकोचही वाटत नाही. जानेवारी २०१७ मध्ये हे चित्र जगभर पसरलं. ते पसरवणाऱ्या अमेरिकेतल्या एका स्त्रीनं लिहिलं होतं, की तिच्या स्तनावर खळगा दिसला तेव्हा हाताला गाठ लागत नव्हती. पूर्वी असं एक चित्र पाहिलं होतं, म्हणूनच तिला त्या खळग्याचा अर्थ कळला.

ही लक्षणं नुसती पाठ करण्यापेक्षा ती का दिसतात हे मुलांनी समजून घ्यावं. जीवशास्त्राचा धडा इथंच आहे. स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचे घोस असतात आणि त्यांपासून स्तनाग्राकडे जाणाऱ्या नलिका असतात. बहुतेक कर्करोग या नलिकांच्या किंवा ग्रंथींच्या अस्तरात सुरू होतात. भोवती चरबी असते आणि त्या चरबीतून त्वचेपर्यंत गेलेले चिवट तंतू असतात. अॅस्टली कूपर या ब्रिटिश शल्यचिकित्सकानं एकोणिसाव्या शतकात त्यांचं वर्णन केलं, आणि आजही ते त्याच्याच नावानं ओळखले जातात. गाठ वाढताना या तंतूंना गुंतवून आखूड करते. मग वरची त्वचा आत ओढली जाते आणि खळगा दिसतो. हात वर केल्यावर तो अधिक स्पष्ट होतो, म्हणूनच डॉक्टर आधी हात वर करायला सांगतात. नलिका ओढल्या गेल्या की स्तनाग्र आत जातं. काहींचं ते जन्मापासूनच आत असतं, त्यात काही वावगं नाही. बदल नवा असेल तर त्याची दखल घ्यायची.

संत्र्याच्या सालीसारखी त्वचा दिसते तिचं कारण वेगळं. त्वचेखालच्या लसीकावाहिन्या कर्करोगाच्या पेशींनी तुंबतात, द्रव साचतो आणि त्वचा सुजते. केसांची मुळं मात्र खाली घट्ट रोवलेली असतात. तेवढे बिंदू सुजेबरोबर वर येऊ शकत नाहीत, म्हणून त्वचेवर खड्डे दिसतात. त्वचा लाल आणि गरम होणं हेही एक लक्षण आहे, पण इथं भारतीय पोस्टरांनी जरा थांबून विचार करावा. गोऱ्या त्वचेवर दिसणारा लालसरपणा सावळ्या त्वचेवर तसा दिसत नाही, तिथं तो भाग काळपट किंवा जांभळट वाटतो. ‘लाली’ असं लिहून लाल रंग भरला, तर आपल्याकडच्या कित्येक जणी ‘मला तर लाल काही दिसत नाही’ म्हणत पुढे जातील.

नक्कल करतानाही असाच विचार हवा. त्या मूळ चित्रातलं लिंबू जाड सालीचं, खडबडीत आणि टोकाला बोंड आलेलं आहे, म्हणून ते तिथं चपखल बसतं. आपलं कागदी लिंबू छोटं, गोल आणि पातळ गुळगुळीत सालीचं असतं. त्यावर सालीचे खड्डे किंवा आत गेलेलं टोक दाखवायचं तर चित्र फसतं. सालीच्या लक्षणासाठी नागपुरी संत्रं घ्या, खळग्यासाठी साध्या रेषांची बाह्याकृती काढा. गाठीसाठी मात्र लिंबाची बी अगदी योग्य आहे: घट्ट आणि बोटाखाली सहसा न सरकणारी. नेहमीच्या लसीका ग्रंथी याउलट मऊ आणि सरकणाऱ्या असतात.

फळ काढलं की काम झालं, असंही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली मेट्रोत एक पोस्टर लागलं होतं. महिन्यातून एकदा आपली ‘संत्री’ तपासा, असं ते सांगत होतं. त्यावर टीकेची झोड उठली आणि ते काढून टाकावं लागलं. हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. पण त्या संत्र्यांवर एकही लक्षण नव्हतं. अवयवाचं नाव झाकायला आणलेलं फळ पाहणारीला शिकवत काहीच नाही, उलट तिला अवघडल्यासारखं होतं. बोमाँटच्या प्रत्येक लिंबाला काम होतं. या संत्र्यांना ते नव्हतं.

रिबीनचीही गोष्ट सांगायला हवी. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला शार्लट हेली नावाची कॅलिफोर्नियातली एक वयस्कर बाई घरी फिक्या नारिंगी कापडाच्या रिबिनी करून वाटत असे. तिच्या घरातल्या बायकांना हा रोग झाला होता. रिबिनीसोबत एक कार्ड असे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या अंदाजपत्रकातला फक्त ५ टक्के भाग प्रतिबंधावर खर्च होतो, हे त्यावर लिहिलेलं असे आणि सरकारला जागं करण्याचं आवाहन असे. १९९२ मध्ये एका मासिकानं आणि एका सौंदर्यप्रसाधन कंपनीनं तिची रिबीन वापरायची परवानगी मागितली. हे फारच बाजारू होतंय म्हणून तिनं ती नाकारली. मग त्यांनी रंग बदलला आणि गुलाबी रिबीन जगभर गेली. कार्डावरची ती मागणी मात्र मागेच राहिली. आज आपल्या मुलांच्या पोस्टरवर येते ती ही, कार्डाशिवायची रिबीन.

पोस्टरमुळे माणूस जागचा हलतो तरी कशानं, याचं उत्तर एका जुन्या प्रयोगात सापडतं. १९६५ मध्ये हॉवर्ड लेव्हेंथाल आणि सहकाऱ्यांनी येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रकं दिली. काहींची पत्रकं भीती घालणारी होती, काहींची सौम्य. जास्त घाबरलेल्यांना लस महत्त्वाची वाटली, पण प्रत्यक्ष लस घ्यायला ते काही जास्त संख्येनं आले नाहीत. काही विद्यार्थ्यांना पत्रकासोबत परिसराचा नकाशा दिला होता. आरोग्य केंद्रावर त्यात गोल केला होता, आणि आपल्या आठवड्याच्या वेळापत्रकात तिथं कधी जाता येईल तेही ठरवायला सांगितलं होतं. नकाशावाल्यांपैकी सुमारे २८ टक्के लस घेऊन आले, बाकीच्यांपैकी जेमतेम ३ टक्के. गट लहान होते हे खरं. पण विशेष असं की ते केंद्र कुठं आहे हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. नुसता नकाशा मिळालेले, म्हणजे धोक्याबद्दल काहीच न वाचलेले, विद्यार्थीही हलले नाहीत. थोडी काळजी आणि जायचा रस्ता, दोन्ही एकत्र लागतं. म्हणूनच कवटी, काळे हात, रडणारी मुलं असली चित्रं मला पटत नाहीत. घाबरलेल्या माणसाला पुढची वाट दाखवली नाही, तर तो नजर वळवतो.

आता ‘दर महिन्याला स्वतःची तपासणी करा’ या वाक्याबद्दल. बहुतेक पोस्टरांवर ते असतं. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर यासाठी मोठी चाचणी झाली. अर्ध्या जणींना स्वपरीक्षण नीट शिकवलं, पुन्हा पुन्हा उजळणी घेतली. दहा-अकरा वर्षांनी दोन्ही गटांतले मृत्यू जवळजवळ सारखेच निघाले, एकीकडे १३५ तर दुसरीकडे १३१. शिकवलेल्या गटात मात्र साध्या, निरुपद्रवी गाठींच्या बायोप्स्या जास्त झाल्या. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. याचा अर्थ स्वतःच्या शरीराकडे लक्ष देऊ नये असा मुळीच नाही. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या पद्धतीनं चाचपलं की जीव वाचेलच, असं वचन पोस्टरनं देऊ नये. आपलं नेहमीचं कसं असतं ते माहीत असावं, आणि पाळीनंतरही न गेलेला नवा बदल दाखवून घ्यावा, हे सांगणं जास्त खरं आहे. आणि बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही त्याच ओळीत यावं. नाहीतर भीतीपोटी बाई दवाखान्याची पायरीच चढणार नाही.

दुसरी चाचणी तर आपल्या मुंबईतली. टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ पासून शहराच्या गरीब वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांवर ती केली. शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्यांनी एका गटातल्या बायकांचे स्तन दर दोन वर्षांनी, एकूण चार फेऱ्यांत, हातानं तपासले. मॅमोग्राफीचं महागडं यंत्र नव्हतं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडलेले रुग्ण ३७ टक्के, न तपासलेल्या गटात ४७ टक्के. पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत असा ठळक फायदा दिसला नाही. माझ्या मते महाराष्ट्रातल्या कोणत्याही वर्गासाठी यापेक्षा मोलाची माहिती नाही. शिकवलेला हात पुरतो, आणि तो हात सरकारी आरोग्य केंद्रातही मिळू शकतो. सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. हे किती आयांना ठाऊक आहे?

अक्षरांकडेही लक्ष द्या. दहा फुटांवरून वाचायचं अक्षर निदान इंचभर उंच असावं, असा फलक रंगवणाऱ्यांचा ढोबळ नियम आहे. देवनागरीत काना-मात्रा आणि जोडाक्षरं असल्यानं थोडं मोठंच बरं. फिक्या गुलाबीवर पांढरी अक्षरं काढू नका, लांबून ती वाचता येत नाहीत. ‘स्तन’ हा शब्द सरळ लिहा. हा प्रकल्प मुलग्यांनाही द्या. पुरुषांनाही हा रोग होतो, रुग्णांपैकी साधारण एक टक्का ते असतात. शिवाय आईला तपासणीला नेण्याचा निर्णय अनेक घरांत पुरुषांच्या हातात असतो. आणि सुई टोचली की कर्करोग पसरतो, ही समजूत खोटी आहे, हे एका ओळीत जरूर लिहा. तिच्यापायी बायोप्सी टाळलेल्या बायका आजही डॉक्टरांना भेटतात.

तेव्हा या वर्षी पोस्टर करणार असाल, तर कार्डशीट आणायच्या आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन या. स्तनाची तपासणी कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या खोलीत होते? तपासायला बाई डॉक्टर असतात का? केसपेपरचे किती पैसे पडतात? सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी तिथंच होते की दुसरीकडे जावं लागतं? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी कुठल्या खिडकीवर करायची? हे सगळं वहीत टिपून घ्या आणि पोस्टरच्या खालच्या भागात, नकाशासह, सर्वांत ठळक अक्षरांत लिहा. शिक्षकांना एवढीच विनंती: रंगसंगतीला पाच गुण देणार असाल, तर या पत्त्याला दहा द्या.