ओढीचा शोध

1954 साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवत होते. एका उंदराची तार ठरलेल्या जागेवरून सरकली. जिथे विजेचा हलका झटका मिळाला, त्या कोपऱ्याकडे तो उंदीर पुन्हा पुन्हा जाऊ लागला. दांडी दाबून स्वतःच झटका घ्यायची सोय केली, तेव्हा उंदीर तासाला शेकडो वेळा ती दाबू लागले. ओल्ड्सनं 1956 मध्ये या जागांना ‘सुखाची केंद्रं’ म्हटलं आणि हे नाव अनेक दशकं टिकलं. नैराश्य म्हणजे सुखाचा झरा आटणं, ही समजूत त्यातूनच बळावली.

औषधांची वाट मात्र वेगळी होती, आणि तिचा एक टप्पा मुंबईत आहे. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेनं वाढलेला रक्तदाब उतरतो, हे 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. या मुळीतलं रिसर्पिन 1952 मध्ये वेगळं काढलं गेलं आणि जगभर वापरात आलं. ते घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, असे अहवाल येऊ लागले. रिसर्पिन मेंदूतले सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि डोपामिन या रसायनांचे साठे रिकामे करतं, हेही कळलं. स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी 1957 साली रिसर्पिननं निपचित पडलेल्या सशांना, ज्यापासून डोपामिन बनतं ते एल-डोपा टोचलं आणि ससे पुन्हा हिंडू लागले. रसायन कमी म्हणून मन खचलेलं, हे सूत्र इथून रुजलं. पुढे काटेकोर तपासणीत रिसर्पिन आणि नैराश्याचा संबंध पूर्वी मानला तितका पक्का ठरला नाही. पण तोवर सूत्र घरोघरी पोचलं होतं. 1987 अखेरीस अमेरिकेत सेरोटोनिनवर काम करणाऱ्या प्रोझॅक या नैराश्यावरच्या औषधाला परवानगी मिळाली आणि सारा प्रकाशझोत सेरोटोनिनवर गेला. डोपामिन नैराश्याच्या चर्चेत मागे पडलं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते यानंतरचं, फारसा गाजावाजा न झालेलं काम. मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज यांनी 1989 मध्ये ज्यांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं होतं असे उंदीर तपासले. हे उंदीर आपणहून खायला उठत नसत, पुढ्यात अन्न असूनही उपाशी राहत. पण जिभेवर गोड पाणी सोडलं की मिटक्या मारत, अगदी धडधाकट उंदरांसारख्या! गोडी शाबूत होती, गेली होती ती ओढ. कनेक्टिकटमधल्या जॉन सॅलामोन यांनी पुढची पायरी गाठली. एका वाटेला थोडं खाणं, दुसरीला भरपूर; पण भरपूर असलेल्या वाटेत चढून जावी लागेल अशी आडभिंत. एरवी उंदीर भिंत चढतात. डोपामिन घटवलेले उंदीर थोडक्यावर भागवू लागले. सोप्या वाटेवर काहीच ठेवलं नाही, तेव्हा मात्र तेही भिंत चढले. म्हणजे अंगात बळ होतं, भूकही होती. कष्ट आणि फळ यांचा मेंदूतला हिशोब बदलला होता.

नैराश्य हा एकसाची आजार नाही. काहींची गोडीही खरोखर हरपते. तरी ‘कशातच राम वाटत नाही, उठवतच नाही’ म्हणणाऱ्या माणसाला हे प्रयोग जितकं समजून घेतात, तितकं आपली घरं घेत नाहीत. त्याला आळशी म्हणणं क्रूरपणाचं आहेच, शिवाय शरीरशास्त्राच्या दृष्टीनंही चुकीचं आहे. 2012 मध्ये मायकेल ट्रेडवे यांनी माणसांवर अशीच चाचणी घेतली. जास्त पैशांसाठी जास्त मेहनतीचं काम निवडायचं, की थोड्यात समाधान मानायचं? नैराश्यातल्या व्यक्तींनी अवघड काम कमी वेळा निवडलं.

ओढच मंदावली असेल तर ती येईपर्यंत थांबून कसं चालेल? ‘आधी कृती, मग मन’ अशा धाटणीच्या उपचाराला मेंदूवरच्या या कामानं नवा आधार दिला, पण तो उपचार आधीपासून होता. 1996 मध्ये सिअ‍ॅटलला नील जेकबसन यांनी दाखवलं, की विचार बदलण्याची सारी खटपट गाळून फक्त दिनक्रमात कृती परत आणल्या, तरी गुण तितकाच येतो. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं हाच गाभा घेऊन सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम चालवला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये त्याचे निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी रुग्णांचं नैराश्य नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक उतरलं होतं. वर्षभरानंतरही तो फरक टिकून असल्याचं पुढच्या पाहणीत दिसलं.