रत्नहाराचा पिवळा

मरीन ड्राइव्हवर रात्री स्टँडशिवाय फोटो काढायचा, तर ५० मिमी लेन्सला शटर निदान १/५० सेकंद हवे. त्याहून मंद ठेवले की हाताचा कंप दिव्यांत रेघ होऊन उमटतो. मी कठड्यावर बसतो, कोपरे गुडघ्यांवर टेकतो, श्वास सोडता सोडता बटण दाबतो. आयएसओ ३२०० वर फोटो रवाळ होतो, होऊ दे. माझी खरी चूक रंगातली. २०१५ मध्ये इथल्या पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी आले. त्याआधीचे माझे जेपेग फोटो काढून पाहिले, तर ‘ऑटो’ व्हाइट बॅलन्सने पिवळेपणा बराचसा धुऊन टाकलेला! राणीच्या रत्नहाराचा पुरावा म्हणून ते कुचकामी. आता मी सेटिंग ‘डेलाइट’वरून हलवत नाही.