सर्व्हर संगणकाची स्मृती : वेगाची मानके आणि साहाय्यक चिप्स

सारांश : सर्व्हर खरेदी करताना महाविद्यालये प्रोसेसरचे नाव आणि स्मृतीची गीगाबाइटमधील क्षमता पाहतात, स्मृतीचा वेग व तिची रचना यांकडे बहुधा दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात वेगाची मानके आणि स्मृतिपट्टीवरील साहाय्यक चिप्स यांचे कार्य स्पष्ट केले असून खरेदीच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व मांडले आहे.

बीजसंज्ञा : सर्व्हर, स्मृती, डीडीआर, आरडीआयएमएम, आरसीडी

प्रस्तावना

महाराष्ट्रात उच्चक्षमता संगणनाची परंपरा जुनी आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये पुण्यात 'परम ८०००' हा महासंगणक साकारला. २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या तीन 'परम रुद्र' महासंगणकांपैकी एक पुणे येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बीण प्रकल्पासाठी आहे. अशा यंत्रांच्या बाबतीत आकडेमोडीच्या क्षमतेची चर्चा अधिक होते. परंतु प्रोसेसर कितीही वेगवान असला, तरी स्मृतीतून आकडे वेळेवर मिळाले नाहीत तर तो रिकामा थांबतो. हे तत्त्व महासंगणकाला लागू आहे, तसेच नंदाखालसारख्या गावातील महाविद्यालयाच्या एका सर्व्हरलाही लागू आहे.

वेगाची मानके

स्मृतीची मानके जेडेक ही संस्था ठरवते. डीडीआर-४ चे मानक २०१२ साली, तर डीडीआर-५ चे जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. नावापुढील आकडा हा मेगाहर्ट्झ नसून एका सेकंदात होणाऱ्या हस्तांतरणांची दशलक्षातील संख्या होय. घड्याळाच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा हस्तांतरण होत असल्याने डीडीआर४-३२०० चे घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचे असते. प्रत्येक हस्तांतरणात ८ बाइट जातात. म्हणून एका चॅनेलची वहनक्षमता सेकंदाला २५,६०० मेगाबाइट होते. पट्टीवर छापलेला 'पीसी४-२५६००' हा आकडा हाच.

वेग वाढला म्हणजे प्रतीक्षाकाल घटतोच असे नाही. डीडीआर४-३२०० च्या २२ आवर्तनांच्या प्रतीक्षेला १३.७५ नॅनोसेकंद लागतात. डीडीआर५-४८०० च्या ४० आवर्तनांना सुमारे १६.७ नॅनोसेकंद. नव्या पिढीचा लाभ एका वेळी अधिक माहिती वाहून नेण्यात आहे. पहिला आकडा हाती येण्यास लागणारा वेळ मात्र फारसा बदललेला नाही.

साहाय्यक चिप्स

सर्व्हरच्या एका पट्टीवर ३६ पर्यंत किंवा त्याहून अधिक स्मृतिचिप्स असू शकतात. प्रोसेसरकडून येणारे आदेश व पत्ते या सर्वांपर्यंत थेट पोहोचवावयाचे झाल्यास तारांवरील विद्युतभार वाढतो आणि उच्च वेगात संकेत विकृत होतात. यावर उपाय म्हणून पट्टीच्या मध्यभागी आरसीडी ही चिप बसवतात. ती आदेश, पत्ते व घड्याळाचे संकेत स्वीकारून नव्याने, जोमदारपणे पुढे पाठवते. त्यासाठी एखाद्या आवर्तनाचा विलंब सोसावा लागतो. पण त्या बदल्यात अधिक क्षमता व स्थिर वेग मिळतो. अशा पट्टीस आरडीआयएमएम म्हणतात. एलआरडीआयएमएममध्ये याखेरीज माहितीच्या तारांवरही बफर चिप्स असतात.

डीडीआर-५ मध्ये साहाय्यक चिप्सची संख्या वाढली. वीजनियमन मदरबोर्डवरून पट्टीवरच्या पीएमआयसी या चिपकडे आले. पट्टीची ओळख व वेळांची माहिती सांगणारी एसपीडी हब आणि तापमान संवेदकही तेथेच असतात. २०२४ साली आलेल्या इंटेलच्या झिऑन ६ मालिकेतील काही प्रोसेसरांनी एमआरडीआयएमएम हा प्रकार स्वीकारला. त्यात पट्टीवरील चिप्सचे दोन गट एकाच वेळी काम करतात व बफर चिप्स दोहोंची माहिती एकत्र गुंफून ८८०० च्या वेगाने प्रोसेसरला देतात.

खरेदीच्या दृष्टीने

रुद्र सर्व्हरमध्ये वापरलेल्या दुसऱ्या पिढीच्या झिऑन स्केलेबल प्रोसेसरला सहा चॅनेल असून कमाल वेग डीडीआर४-२९३३ आहे. अशा दोन प्रोसेसरांच्या यंत्रात १९२ गीगाबाइट स्मृती बसवावयाची आहे असे समजू. १६ गीगाबाइटच्या १२ पट्ट्या, प्रत्येक चॅनेलवर एक, बसवल्यास एकूण सैद्धांतिक वहनक्षमता सेकंदाला सुमारे २८१ गीगाबाइट मिळते. ८ गीगाबाइटच्या २४ पट्ट्या बसवल्यास एका चॅनेलवर दोन पट्ट्या येऊन वेग २६६६ वर उतरतो व ती सुमारे २५६ होते. ३२ गीगाबाइटच्या सहाच पट्ट्या बसवल्यास निम्मे चॅनेल रिकामे राहून ती १४१ पर्यंत घसरते. निविदेत केवळ '१९२ जीबी' लिहिले असेल, तर तिन्ही पुरवठादार नियमानुसार पात्र ठरतात. मात्र महाविद्यालयाला मिळणारे यंत्र एकसारखे नसते.

दुसरा धोका प्रकारांच्या सरमिसळीचा. डीडीआर-४ ची साधी पट्टी व आरडीआयएमएम एकाच खाचेत बसतात, परंतु एकत्र चालत नाहीत. शिवाय डीडीआर-५ च्या प्रत्येक चिपमध्ये अंतर्गत दोषदुरुस्ती असली, तरी ती संपूर्ण पट्टीच्या ईसीसीला पर्याय ठरत नाही. परीक्षा व निकालांच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरला ईसीसी आवश्यकच मानावे.

निष्कर्ष

स्मृतीची क्षमता, वेग, पट्टीचा प्रकार आणि चॅनेलनिहाय मांडणी या चारही बाबी निविदेत स्वतंत्रपणे नमूद करणे इष्ट आहे. पुढील वाढीसाठी कोणत्या खाचा रिकाम्या राहतील आणि त्या भरल्यावर वेग किती उरेल, हेही पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. मर्यादित अनुदानातून पाच-सात वर्षांसाठी यंत्र घेणाऱ्या संस्थेला ही दक्षता परवडणारी आहे. तिचा अभाव मात्र महाग पडतो.