ठरवलं काय, उरलं काय

मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात मला १९१७ ते १९२४ हा काळ पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. या काळात दोन मोठी माणसं गेली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत रेव्हरंड नारायण वामन टिळक गेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी पंडिता रमाबाई. आयुष्याच्या अखेरीस दोघांनीही एकेका कामाला सर्वांत वरचं स्थान दिलं होतं. मागे उरलं ते मात्र पुष्कळसं वेगळंच.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. पुढची वीसएक वर्षं ते अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनसोबत राहिले. पाळक झाले, शिकवलं, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी विभाग सांभाळला. संसार चालत होता तो मिशनच्या पगारावर. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी तो पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तिथे जागा होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असं मानणारा हा माणूस. परदेशी पेहरावातला ख्रिस्त मराठी माणसाला परका वाटणार, हे त्यांना पुरतं कळलं होतं. त्या वयात, पदरी संसार असताना, हक्काचं उत्पन्न सोडण्याला केवढं धैर्य लागलं असेल! त्या धैर्यापुढे मी आजही नतमस्तक होतो.

पण दरबाराला त्यांचा सहवास दोन वर्षंही लाभला नाही, आणि त्यांच्यामागे तो फार काळ टिकला नाही. ख्रिस्तचरित्रावरचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही सुरुवातीच्या अध्यायांनंतर थांबलं होतं. ते पूर्ण केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. शाळेची पायरी न चढलेल्या, नवऱ्याच्या धर्मांतराने होरपळलेल्या आणि काही वर्षांनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय रचले. १९३४पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. रागावणारे, हातातलं सगळं वाटून टाकणारे, घर विसरणारे टिळक आज मराठी वाचकाला भेटतात ते या पुस्तकातून. आणि रविवारी मराठी मंडळ्यांत भेटतात ते त्यांच्या भजनांतून. पेटी-तबल्यावर ती गाणाऱ्या कित्येकांना ‘देवाचा दरबार’ हे नावही ठाऊक नसतं.

रमाबाईंचं काम निराळं होतं. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडलं. मग दुष्काळ आला. १८९६-९७मध्ये त्यांनी मध्य प्रांतातून, पुढे गुजरातेतून, उपासमारीने खंगलेल्या मुली आणि विधवा केडगावला आणल्या. तिथल्या ‘मुक्ती’ या त्यांच्या आश्रमात त्या शिकल्या, शेतीत राबल्या, विणायला लागल्या, छापखाना चालवू लागल्या. एवढा पसारा सांभाळत असतानाच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणण्याचा ध्यास घेतला. खेड्यातल्या बाईला कुणाच्या मदतीवाचून देवाचं वचन कळावं, ही त्यांची तळमळ होती. उतारवयातलं बळ त्यांनी या कामात ओतलं. १९२१ साली त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. आईनंतर ‘मुक्ती’ ती सांभाळील, अशी सर्वांना आशा होती. त्या दुःखातही भाषांतर थांबलं नाही. बाई गेल्यानंतर, १९२४ साली, ते संपूर्ण बायबल ‘मुक्ती’च्याच छापखान्यातून बाहेर पडलं.

आज मराठी उपासनेत सहसा वाचलं जातं ते बायबल सोसायटीचं भाषांतर. रमाबाईंचं बायबल अभ्यासकांच्या टेबलावर राहिलं. ‘मुक्ती’ मात्र दौंड तालुक्यात शंभराहून अधिक वर्षं उभी आहे, आणि निराधार बायका-मुलींना तिथे आजही आसरा मिळतो.

मग यांचे अग्रक्रम चुकले का? मला तसं मुळीच वाटत नाही. मिशनचा पगार झुगारणारं मन आणि ती भजनं रचणारं मन एकच होतं. भाषांतरासाठी झिजणाऱ्या बाईंना खेड्यातली अडाणी स्त्री जितकी मोलाची वाटत होती, तितकीच ‘मुक्ती’च्या दारात आलेली उपाशी मुलगीही. काय टिकावं हे त्यांच्या हाती नव्हतं. हाताखालच्या माणसांना जाणतं करणं त्यांच्या हाती होतं आणि ते त्यांनी केलं. लक्ष्मीबाईंना अक्षराची गोडी टिळकांच्या घरात लागली. ‘मुक्ती’तल्या बायकांच्या हाती छापखान्याचे खिळे दिले ते रमाबाईंनी.

आज आपल्या मंडळ्यांतले वडीलधारे निवृत्त होताना निरोपसमारंभात बांधलेल्या इमारतींची यादी वाचली जाते. पाळकांना, बिशपांना, संस्थाचालकांना माझी कळकळीची विनंती आहे : त्या यादीआधी तुम्ही तयार केलेल्या माणसांची नावं सांगा. त्यांत बायकांची नावं किती, तेही सांगा. आणि अंगात बळ आहे तोवर, अर्धं राहिलेलं काम त्यांच्या हाती सोपवा.