मेलेल्या माणसाची बोटे!

पानगळीचे दिवस. इंग्लंडमधले बीच वृक्षांचे रान. संध्याकाळच्या अंधुक उजेडात एखाद्या कुजक्या खोडाच्या बुंध्याशी नजर जाते आणि काळजाचा ठोकाच चुकतो. जमिनीतून चार-पाच काळीकुट्ट, वाकडीतिकडी बोटे वर आलेली असतात!

पण घाबरण्याचे कारण नाही. ही एक बुरशी आहे. शास्त्रज्ञ तिला ‘झायलेरिया पॉलिमॉर्फा’ म्हणतात, तर तिकडचे लोक ‘मेलेल्या माणसाची बोटे’. मेलेले लाकूड कुजवून पुन्हा मातीत मिसळण्याचे काम ती करते.

ओळख पटवणे मात्र वाटते तेवढे सोपे नाही. ‘पॉलिमॉर्फा’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘अनेकरूपी’. वसंतात उगवलेल्या कोवळ्या बोटांवर फिकट निळसर-करड्या भुकटीचा थर असतो. पुढे ती काळी व खरखरीत होतात. उंची साधारण 3 ते 10 सेंटिमीटर. बोट उभे कापले, की आत पांढराशुभ्र, चिवट गर दिसतो आणि काळ्या सालीलगत बारीक ठिपक्यांची रांग. हे ठिपके म्हणजे बीजाणूंच्या कुप्या.

खरी पंचाईत होते ती हिच्या बहिणीमुळे. ‘झायलेरिया लाँगिपेस’ही काळीच, पण अंगाने सडपातळ. ती बहुधा मेपलच्या कुळातल्या सिकॅमोर वृक्षाच्या पडलेल्या फांद्यांवर वाढते. तरीही पॉलिमॉर्फाचे एखादे बोट बारीक निघाले, की जाणकारही फसतो.

निकाल सूक्ष्मदर्शकाखाली

अशा वेळी कुपीतला कणभर भाग काचपट्टीवर घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट पिशव्या दिसतात आणि प्रत्येक पिशवीत आठ गडद तपकिरी बीजाणू. पॉलिमॉर्फाचा बीजाणू साधारण 20 ते 30 मायक्रॉन लांब असतो, तर लाँगिपेसचा 12 ते 16. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) अखेरचा पुरावा म्हणजे बीजाणूवरची चीर. रुजताना कोंब याच चिरेतून बाहेर पडतो. ती सरळ असेल तर पॉलिमॉर्फा, मळसूत्रासारखी वळलेली असेल तर लाँगिपेस!

एवढा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर संगीताच्या दुनियेत मिळते. स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ फ्रान्सिस श्वार्त्झे यांना व्हायोलिनसाठी वजनाने हलके, तरीही ताठ लाकूड हवे होते. बहुतेक बुरशी लाकूड पोखरून दुबळे करतात. त्यांनी मात्र नेमक्या दोन निवडल्या. व्हायोलिनच्या पुढच्या फळीच्या स्प्रूस लाकडासाठी ‘फिजिस्पोरिनस व्हिट्रियस’ आणि पाठीच्या सिकॅमोरसाठी हीच सडपातळ लाँगिपेस. काम झाल्यावर वायूची प्रक्रिया करून बुरशी मारून टाकली. मग मायकेल र्‍होनहाइमर या कारागिराने त्या लाकडाची व्हायोलिने घडवली.

1 सप्टेंबर 2009 रोजी जर्मनीतल्या ओस्नाब्रुक शहरात त्यांची परीक्षा झाली. ब्रिटिश वादक मॅथ्यू ट्रसलर यांनी पडद्याआड बसून पाच व्हायोलिने वाजवली. त्यांत 1711 सालचे अस्सल स्ट्रॅडिव्हेरियसही होते. 180 हून अधिक श्रोत्यांपैकी 90 जणांनी बुरशीच्या लाकडाच्या ‘ओपस 58’ला पहिली पसंती दिली. स्ट्रॅडिव्हेरियसला मिळाली 39 मते. एवढेच नव्हे, तर 113 जणांना ‘ओपस 58’ हेच स्ट्रॅडिव्हेरियस वाटले!

एका दिवसाच्या कौलावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे खरे. पण लाकडावरची प्रत्येक बुरशी म्हणजे निव्वळ नासाडी नव्हे, एवढे तरी त्यातून उमगते.

झायलेरियाच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतही आहेत. पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर अशी काळी बोटे दिसली, तर ती चाखून पाहण्याच्या फंदात पडू नका. भिंगातून जरूर पाहा. बारसे मात्र घाईने करू नका. त्यासाठी ती इवलीशी चीर शोधावीच लागते.