टिंबरलॉनच्या अंगणातील शिबिर

मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या धर्मग्रामांतून शिबिरांची लगबग सुरू होते. चर्चच्या पटांगणावर फुटबॉल, कबड्डी आणि धावण्याच्या शर्यती रंगतात, सकाळी प्रार्थना व बायबलमधील कथा होतात आणि अखेरच्या दिवशी पालकांसमोर बक्षीस समारंभ पार पडतो. आपले युवक-युवती त्यासाठी मनापासून राबतात. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु त्याच धर्मग्रामात, त्याच आळीत, एखादे मूल असे असते की ज्याचा अर्ज कधी भरलाच जात नाही. त्याला सांगितलेले उशिरा समजते, बोलणे स्पष्ट नसते, गर्दीत ते बावरते. त्याचे आईवडील विचारीत नाहीत आणि संयोजकांच्याही ते ध्यानात येत नाही. असे मूल खेळू शकेल काय, या प्रश्नाचे उत्तर १९६२ साली अमेरिकेतील एका उन्हाळी शिबिराने प्रत्यक्ष मैदानावर दिले. त्या शिबिराचा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, म्हणून तो येथे थोडा विस्ताराने देत आहोत.

हे शिबिर कोणा मोठ्या संस्थेने भरवलेले नव्हते. वॉशिंग्टन शहराजवळ, मेरीलँड राज्यातील रॉकव्हिल येथे टिंबरलॉन नावाचे एक प्रशस्त घर होते. तेथे युनिस केनेडी श्रायव्हर आपल्या पती व मुलांसह राहत. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या त्या भगिनी. समाजशास्त्राच्या पदवीधर, स्त्रियांच्या तुरुंगात आणि बालन्यायालयात काम केलेल्या, आणि रोज मिस्साला जाणाऱ्या कॅथलिक. त्यांच्या या उपक्रमामागे घरातलेच एक दुःख होते.

युनिसबाईंची थोरली बहीण रोझमेरी हिचा जन्म १९१८ सालचा. ती लहानपणापासून बुद्धीने मागे होती. केनेडी घराण्यात चुरशीने खेळणे आणि जिंकणे हा जणू कुळाचार होता. त्या धावपळीत रोझमेरीला सोबत घेण्याचे काम बहुतेक वेळा युनिसबाईंकडे येई. दोघी पोहत, शिडाच्या होडीतून शर्यतीला जात, आणि होडीवरचे सोपवलेले काम रोझमेरी नीट पार पाडी. पुढे १९४१ साली, ती तेवीस वर्षांची असताना, वडिलांनी तिच्या मेंदूवर लोबोटॉमी नावाची शस्त्रक्रिया करवून घेतली. तिने रोझमेरी शांत होईल, अशी आशा होती. प्रत्यक्षात तिचे चालणे-बोलणेच हरपले आणि पुढील आयुष्य संस्थांमध्ये गेले. १९४९ पासून विस्कॉन्सिन राज्यातील जेफर्सन येथे, संत कोलेटा यांच्या नावाने फ्रान्सिस्कन धर्मभगिनी चालवीत असलेल्या संस्थेत ती राहिली. कित्येक वर्षे तिच्याविषयी जाहीरपणे फारसे बोलले जात नसे. पैसा, कीर्ती आणि श्रद्धा हे सर्व असलेल्या घरातही असे घडू शकते, हे आम्हांला मुद्दाम नोंदवावेसे वाटते; कारण पाहुणे आले की मुलाला आतल्या खोलीत बसवणारी घरे आपल्याकडेही आहेत, आणि त्या आईवडिलांना दोष देणे फार सोपे असते.

१९६२ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर एका मातेने युनिसबाईंना फोन केला. आपल्या मुलाला कोणतेच शिबिर घेत नाही, अशी तिची तक्रार होती. बाईंनी तिला सांगितले की, मुलाला माझ्या घरी आणा, मीच शिबिर सुरू करते आणि त्याचे काही शुल्क नाही. त्याच जून महिन्यात टिंबरलॉनच्या हिरवळीवर सुमारे पस्तीस मुले-मुली जमली. शाळा-महाविद्यालयांतील पंचवीस-एक तरुण स्वयंसेवक म्हणून आले. अशा मुलांशी पूर्वी कधी संबंध न आलेले तरुण त्यांत होते. जवळजवळ प्रत्येक मुलाला हक्काचा एक जोडीदार मिळाला, आणि शिबिराचे खरे बळ याच जोड्यांत होते. पोहणे, फुटबॉल, बास्केटबॉल, घोड्यावर बसणे, झाडावर चढणे असा दिवसभराचा कार्यक्रम असे आणि संध्याकाळी मुले घरी जात. बाई स्वतः पोहण्याच्या तलावात उतरून मुलांना शिकवीत. त्यांची स्वतःची लहान मुलेही या खेळांत सामील होत.

हे किती धाडसाचे होते, हे समजण्यासाठी त्या काळची समजूत ध्यानात घ्यावी लागेल. मतिमंद मुलांचे शरीरही दुबळेच असणार, श्रम त्यांना झेपणार नाहीत, ती स्वतःला इजा करून घेतील, असे शिकलेले लोकही मानत. मुले अनेकदा संस्थांच्या भिंतींआड दिवसेंदिवस बसून असत, आणि त्यांचे अशक्तपण हा जणू त्या समजुतीचा पुरावाच ठरे. कॅनडातील टोरांटो येथे डॉ. फ्रँक हेडन या संशोधकाने त्याच दशकात अशा मुलांची शारीरिक क्षमता मोजली. मुले दुबळी आहेत हे खरे, पण त्याचे कारण त्यांची बुद्धी नसून त्यांना कोणी हालचालच करू दिली नाही हे आहे, असे त्यांनी दाखवून दिले. व्यायाम मिळाला की शक्ती वाढत होती. टिंबरलॉनच्या हिरवळीवर हेच डोळ्यांना दिसत होते. हेडन पुढे केनेडी प्रतिष्ठानच्या कामात सहभागी झाले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युनिसबाईंनी ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या लोकप्रिय नियतकालिकात लेख लिहून आपल्या बहिणीविषयी उघडपणे सांगितले. राष्ट्राध्यक्षांच्या घरातही असे माणूस आहे, हे वाचून असंख्य कुटुंबांच्या मनावरचा भार हलका झाला असेल. पुढील वर्षापासून प्रतिष्ठानच्या साहाय्याने इतर शहरांतही अशी शिबिरे भरू लागली.

शिकागोच्या उद्यान विभागात ॲन मॅक्ग्लोन ही तरुण शिक्षिका अशा मुलांना खेळ शिकवीत असे. शहरव्यापी क्रीडास्पर्धेची तिची योजना प्रतिष्ठानकडे आली आणि युनिसबाईंनी ती अधिक व्यापक करण्यास सांगितले. २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड या विशाल क्रीडांगणावर सुमारे एक हजार खेळाडू उतरले. प्रेक्षागृह मात्र जवळजवळ रिकामे होते. बाईंचे बंधू रॉबर्ट केनेडी यांची हत्या होऊन दोन महिनेही लोटले नव्हते. तरीही त्या तेथे उभ्या राहिल्या. ही पहिली विशेष ऑलिम्पिक स्पर्धा. आज १७० हून अधिक देशांत हे कार्य चालते. २०२३ साली बर्लिन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत भारतीय खेळाडूंनी २०२ पदके मिळवली. आपल्या वृत्तपत्रांतून त्याची दखल मात्र बेताचीच घेतली गेली.

या खेळांच्या नियमांत शिबिराचा स्वभाव उतरला आहे. खेळाडूंना वय, स्त्री-पुरुष आणि प्राथमिक फेरीतील कामगिरी पाहून गटांत विभागतात. एका अंतिम शर्यतीत आठांहून अधिक खेळाडू नसतात आणि ते साधारण एकाच कुवतीचे असतात. पहिल्या तिघांना पदके, उरलेल्यांना फिती. रिकाम्या हाताने कोणी परतत नाही. पण सोप्या गटात जाण्यासाठी प्राथमिक फेरीत मुद्दाम हळू धावून अंतिम फेरीत फारच पुढे गेल्यास खेळाडू बाद होऊ शकतो. म्हणजे येथे लाड नाहीत. प्रामाणिकपणाची अपेक्षा त्यांच्याकडूनही तेवढीच ठेवली आहे, आणि आमच्या मते याहून मोठा आदर दुसरा नाही.

येथे एका लोकप्रिय कथेविषयी लिहिणे भाग आहे. शर्यतीत एक मुलगा पडतो, त्याचे रडणे ऐकून बाकीचे सर्व माघारी फिरतात आणि हातात हात घालून एकत्र अंतिम रेषा ओलांडतात, ही कथा अनेकांनी प्रवचनांतून ऐकली असेल. या कथेचे मूळ १९७६ साली वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे झालेल्या स्पर्धेत असल्याचे तेथील संघटनेने सांगितले आहे. पडलेल्या खेळाडूसाठी एक-दोघे मागे वळले आणि त्यांनी एकत्र शर्यत पुरी केली, हे खरे. बाकीचे मात्र धावत राहिले! आम्हांला ही खरी हकीकत अधिक भावते. मागे वळणाऱ्यांनी प्रेम दाखवले. पुढे धावणाऱ्यांनी ज्यासाठी महिनोन्‌महिने घाम गाळला होता ते केले. अशा मुलांना आपण सगळेच्या सगळे देवदूत ठरवतो, तेव्हा त्यांना जिंकावेसे वाटते हेच विसरतो. ती आपल्या मुलांसारखीच मुले आहेत. त्यांना हरल्याचे वाईट वाटते, क्वचित रागही येतो.

आपल्या क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनाला संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातील नवव्या अध्यायाचा हमखास दाखला दिला जातो. धावतात सगळे, पण बक्षीस एकालाच. त्याच पत्रात तीन अध्याय पुढे हाच प्रेषित एका शरीराच्या अनेक अवयवांविषयी लिहितो, आणि जे अवयव दुर्बळ वाटतात ते आवश्यक आहेत असे ठामपणे सांगतो. क्रीडांगणावर हे दोन्ही अध्याय एकत्र वाचले गेले तर बरे.

युनिसबाईंना २००६ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी संत ग्रेगरी यांच्या नावाच्या सन्मानाने गौरवले. २००९ साली त्या प्रभूघरी गेल्या. त्याआधी २००५ साली रोझमेरीचे निधन झाले होते.

आपल्या धर्मग्रामातील युवकांना असे काही करावयाचे असेल तर मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिल्या वर्षी तीन-चार मुले पुरेत. शिबिराच्या आधी स्वयंसेवकांनी त्यांच्या घरी जाऊन आईला विचारावे: मूल कशाला घाबरते, काय खाते, फिट येते काय, औषध कोणते, कोणत्या हाकेला ओ देते. प्रत्येकाला एकच जोडीदार द्यावा आणि तो रोज बदलू नये. खेळ लहान तुकड्यांत, करून दाखवून शिकवावा. पाण्याच्या खेळात जाणते माणूस सतत जवळ हवे. जोडीदार होणाऱ्या मुलाच्या पालकांशीही आधी बोलावे, कारण शंका बहुधा तिकडूनच येतात. आणि छापील अर्जात नाव, वय, इयत्ता यांखाली आणखी एक ओळ ठेवावी: ‘मुलाला सोबतीची गरज आहे काय?’ अर्ज मे महिन्यापूर्वी छापले जातात. धर्मग्राम समितीच्या बैठका त्याआधीच होतात.